नुसती बसलेली

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "आता थांबणार का?" आणि मी विषय बदलला. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

म्हाताऱ्याची (बाबा, घोड्याची!) ड्रेसाजची, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर ठरलेल्या चाली करून दाखवण्याची, शेवटची स्पर्धा झाली. 18 वर्षांचा झाला तो. पियाफमध्ये, म्हणजे जागच्या जागी दुडकी चालताना, जास्त भार मागच्या पायांवर घ्यावा लागतो. गेले काही महिने ते पाय किंचित उशिरा उचलले जात होते. बघणाऱ्याला दिसत नव्हतं, डॉक्टरांनाही काही सापडलं नाही, पण खोगिरात बसल्यावर मला कळायचं. मग गुणही बोलू लागले. दहापैकी आधी 7, मग 6.5, मग 6. त्याने कधी नाही म्हटलं नाही, म्हणून मीच म्हटलं.

आई, तू मागे म्हणाली होतीस, "सगळं घोडाच करतो, तू नुसती बसलेली दिसतेस." तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, एवढी मोठी शाबासकी मला एकाही परीक्षकाने दिली नाही. लिस हार्टेल नावाची डॅनिश बाई खरोखरच नुसती बसायची. पोलिओमुळे तिच्या गुडघ्याखाली बळ उरलं नव्हतं, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. टाचेचा इशारा देणं शक्यच नव्हतं, जे सांगायचं ते बैठकीतून आणि अंगाच्या वजनातून. 1952 ला हेलसिंकीत तिने रौप्यपदक घेतलं. त्याआधी ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये बायकांना उतरताच यायचं नाही!

मला टाचा आहेत आणि तरी मी चुकते. ग्रां प्रीत, म्हणजे ड्रेसाजच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, कँटर (मध्यम दौड) करताना पुढे पडणारा पाय दर ढांगेला बदलायचा असतो, ओळीने 15 वेळा. एकदा नादात मी सोळावा मागितला. म्हाताऱ्याने इमानाने दिला. चूक माझी, गुण दोघांचे गेले.

मधली काही वर्षं मी तुम्हाला नीट सांगितलीच नाहीत. माझा पहिला चांगला घोडा मालकांनी विकला. घोडा मालकाचा असतो, घडवणाऱ्याचा नसतो, हे माहीत होतं तरी तो ट्रकमध्ये चढताना बघवलं नाही. त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं की सर्दी झाली आहे, म्हणून आवाज बसलाय. पहाटे लीद काढायची, दिवसभर दुसऱ्यांचे घोडे घडवायचे, संध्याकाळी शिकवण्या. पोट त्यावर चालतं. 20 बाय 60 मीटरच्या रिंगणातली ती पाच-सहा मिनिटं तुम्ही पाहता, तेवढीच झकपक.

तर बाबा, नाही थांबत. नवा घोडा सहा वर्षांचा आहे. आठ वर्षं पूर्ण होण्याआधी ग्रां प्रीत घेतच नाहीत, आणि खरं तर त्यानंतरही दोन-तीन वर्षं लागतातच. तोवर मी पन्नाशीला टेकेन. पण या खेळात ते चालतं. हिरोशी होकेत्सु 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा 71 वर्षांचे होते, तुमच्याहून दोनच वर्षांनी लहान.

हे पोरगं अजून कच्चं आहे. काल रिंगणाच्या कडेची फुलांची कुंडी बघून असं बुजलं की मी जमिनीवर. लागलं नाही. (आई, खरंच नाही.) मी नव्यावर खोगीर कसते तेव्हा म्हातारा कुरणाच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. त्याला वाटतं, आपलीच वेळ झाली.

बाबा, तुम्हाला डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय ना? त्यालाही तेवढंच सांगितलंय. या एकदा दोघं. दोरी धरली की तो आपणहून चालतो, आणि तुमच्यासारखाच मध्येच थांबून इकडेतिकडे बघत बसतो.

तुमची,
ताई