गोल्फ पाहायला जाताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू विजेत्याचा खेळ पाहायला जाते आहेस, म्हणून एक आधीच सांगतो. चेंडूच्या मागे नजर पळवू नकोस. चेंडू जेमतेम 43 मिलिमीटरचा, आणि ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याच्या काठीचा, फटका बसला की ताशी 270 किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. बाजूला उभं राहून तो दिसतच नाही. पाहायचं असतं ते फटक्याआधीचं अर्धं मिनिट.

त्याच्या वेळेच्या तासभर आधी सरावाच्या मैदानावर पोच आणि बरोबर त्याच्या पाठीमागे उभी राहा. चेंडू कुठून निघून कुठे वळतो हे तिथूनच कळतं. वेज (जवळच्या फटक्याची काठी) असो की ड्रायव्हर, अंगाची लय तीच राहते का ते बघ.

फेरी सुरू झाली की नेहमी एक फटका पुढे राहा. तो टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, असेल तेव्हा तू 270 मीटर पुढे, दोरीला लागून. मागोमाग चाललीस तर दिवसभर लोकांच्या पाठीच दिसतील. 'फोर!' अशी आरोळी, म्हणजे चेंडू लोकांकडे येतोय असा इशारा, आली तर वर बघू नकोस. डोकं हातांनी झाक आणि खाली वाक.

तिथे दोरीपाशी कॅडीचं, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या सोबत्याचं, बोलणं कानावर पडतं: होलमधल्या झेंड्यापर्यंत किती, ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) पुढच्या कडेपर्यंत किती, वारा कुठला. मग खेळाडू चेंडूच्या मागे जातो, रेषेवरची एखादी जवळची खूण धरतो आणि पाय रोवतो. मध्येच वारा फिरला तर बाजूला होतो आणि सगळं पहिल्यापासून करतो. हे पाहायला मिळालं तर पैसे वसूल झाले असं समज.

आणि नेम झेंड्यावरच आहे का, हेही बघ. 2019 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी बाराव्या होलवर झेंडा उजवीकडे होता. दोन फटक्यांनी पुढे असलेल्या मोलिनारीचा चेंडू पाण्यात गेला. टायगर वुड्सने ग्रीनच्या डाव्या बाजूला, सुरक्षित जागी चेंडू टाकला, दोन पटमध्ये (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यांत) पार, म्हणजे त्या होलचे ठरलेले फटके, साधला आणि शेवटी एकाच फटक्याने स्पर्धा जिंकली.

ग्रीनवर पट हुकला तरी चेंडू होलच्या किती पुढे थांबला ते बघ. उताराचा आणि वेगाचा अंदाज तिथे कळतो. त्याचा चेंडू होलमध्ये पडला की गर्दी लगेच पुढच्या टीकडे धावते, आणि सोबतच्या खेळाडूला त्या गडबडीत पट करावा लागतो. तू तसं करू नकोस. शेवटचा चेंडू पडेपर्यंत जागची हलू नकोस. घाई असेल तर पट सुरू होण्याआधीच निघ.

फोनचे नियम आधी वाच, मास्टर्ससारख्या ठिकाणी तर फोन आतही नेता येत नाही. अठरा होलला चार-पाच तास आणि दहाएक किलोमीटर चाल धर. नवे बूट नकोत. दमलीस तर एखाद्या पार-3 (तीन फटक्यांत संपवायच्या) होलवर टी आणि ग्रीन दोन्ही दिसतील अशा जागी बसून राहा.

त्याला बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, झाली, तर पुढच्या टीवर मात्र नक्की हजर राहा. तयारीला त्याने आधीइतकाच वेळ घेतला का, ते घड्याळ लावून मोज आणि मला लिहून कळव.

तुझे,
बाबा