पुस्तकात जुनेच कायदे

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्याच्या केंद्राच्या निर्णयानंतर दूरशिक्षणाने मनुष्यबळ व्यवस्थापन शिकणाऱ्यांच्या पुस्तकांकडे कुणी लक्ष देणार आहे का? या संहितांनी २९ जुने कायदे सामावून घेतले. माझ्या हाती असलेल्या अभ्यासपुस्तिकेत मात्र १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा कलमवार पाठ करायला दिले आहेत.

मी दिवसा कारखान्याच्या टाइम ऑफिसात काम करते आणि रात्री जेवणं आटोपल्यावर अभ्यासाला बसते. परवा पाळी सुटताना ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या एका मुलाने हजेरीच्या खिडकीशी येऊन विचारलं, ‘ताई, आम्हाला वर्षभरातच ग्रॅच्युइटी लागू झाली म्हणतात, खरं का?’ माझं पुस्तक सलग पाच वर्षांची सेवा सांगतं, नवी संहिता अशा कामगाराला एका वर्षानंतर हक्क देते. पुस्तकावर विसंबून उत्तर दिलं असतं, तर त्याने हक्काच्या पैशांवर पाणी सोडलं असतं.

नियमित महाविद्यालयात असा बदल प्राध्यापक फळ्यावर लिहून देतात. आमच्यापाशी पुस्तिका हाच शिक्षक. नव्या छपाईला वेळ लागणार, हे समजू शकते. पण दहा-बारा पानांची पुरवणी काढून संकेतस्थळावर टाकायला आणि पुढच्या सत्राची प्रश्नपत्रिका तिच्यावर बेतायला काय हरकत आहे? मुक्त व दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले आहे. मग अभ्यासक्रमही आजचाच हवा.

– एक विद्यार्थिनी, सातपूर, नाशिक