रविवारचा गणित सराव : शाब्दिक उदाहरणे

पालकांनो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ ते १०.३० शिष्यवृत्तीच्या मुलांचा गणिताचा सराव आहे. जागा नेहमीचीच, वाचनालयाच्या वरची खोली. विषय फक्त शाब्दिक उदाहरणे, तीही पूर्ण संख्यांची. अपूर्णांक, दशांश पुढच्या वेळी.

गेल्या वेळी घातलेलं एक उदाहरण: 'रमाकडे २४ चिंचोके आहेत. ते सलमाच्या चिंचोक्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर सलमाकडे किती?' निम्म्याहून अधिक वह्यांत ३० आलं. 'जास्त' दिसलं की बेरीज, एवढंच डोक्यात! उत्तर १८. बेरीज-वजाबाकी सगळ्यांना येते, अडतं ते वाचण्यात.

म्हणून या वेळी प्रत्येकाने आधी 'काय दिलंय, काय विचारलंय' हे दोन ओळींत लिहायचं, मगच आकडेमोड.

घरून करून आणायचं उदाहरण: कोंबड्या आणि शेळ्या मिळून २० डोकी, ५६ पाय. शेळ्या किती? आधी तोंडी करू द्या (सगळ्या कोंबड्याच धरल्या तर पाय किती होतील, एवढंच सुचवा). मग शेळ्यांसाठी क्ष धरून समीकरण मांडायला सांगा. उत्तर सांगू नका, कृपा करून.

सोबत:
- चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर
- पाण्याची बाटली (वर नळ नाही)

कॅल्क्युलेटर आणि मोबाईल नकोत. ९ ला दार लागेल. येणार नसाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत इथेच कळवा, तेवढ्याच प्रती काढायच्या आहेत.