वादळाच्या बातमीत पावसाचा आकडाही हवा

संपादक महोदय,

चक्रीवादळ बंगालच्या उपसागराकडून किनाऱ्याला धडकले की दुसऱ्या दिवशी ‘वादळाचा जोर ओसरला’ अशी बातमी येते आणि मराठवाड्यातला वाचक निर्धास्त होतो. बातमी खोटी नसते, पण ती फक्त वाऱ्याची असते. हवामान खाते वादळाची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावरून ठरवते. वेग ताशी 62 किलोमीटरच्या खाली गेला की ते चक्रीवादळ राहत नाही, 50 च्या खाली गेला की नुसते ‘डिप्रेशन’, म्हणजे वादळाहून सौम्य असे कमी दाबाचे क्षेत्र. पाऊस किती पडणार, हे या नावांवरून कळतच नाही.

26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले, तेव्हा वारा ताशी 75 ते 85 किलोमीटर होता. म्हणजे फार मोठे वादळ नव्हे. तेलंगणातून आपल्याकडे सरकेपर्यंत त्याचे डिप्रेशन झाले होते. तरी 28 तारखेला मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले, माजलगावचे अकरा. पुढे तेच अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले आणि 1 ऑक्टोबरला ‘शाहीन’ नावाने पुन्हा चक्रीवादळ झाले.

समुद्रावर वादळ जगते ते कोमट पाण्याच्या वाफेवर. जमिनीवर ही रसद तुटते, केंद्रातला दाब वाढू लागतो, झाडे, घरे, डोंगर यांना घासून जमिनीलगतचा वारा मंदावतो. पण मंदावलेला वारा केंद्राभोवती गोल फिरायचे सोडून जास्त आत वळतो आणि आत शिरलेल्या हवेला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. तिच्यासोबत आलेली वाफ मग पावसाने उतरते. सप्टेंबरअखेर आपली काळी जमीन आधीच पाणी पिऊन तुडुंब असते. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर 10 लाख लिटर पाणी. ते मुरणार कुठे? थेट ओढ्याला लागते.

नेमके याच दिवसांत सोयाबीन काढणीला येते. कापून रानात पसरलेले सोयाबीन सर्वांत आधी जाते : शेंगा भिजतात, दाण्याला कोंब फुटतात. वादळ पूर्व किनाऱ्यावर आल्यापासून आपल्या हाती जेमतेम दीड-दोन दिवस असतात. तेवढ्यात मळणी उरकणार नसेल तर कापणीला हात घालू नये. कापलेले असेल तर उंचवट्यावर खाली-वर ताडपत्री घालून गंजी लावावी, भोवती चर काढावा. नदीकाठच्या पंपाच्या मोटारी वर ओढून घ्याव्यात.

आपल्या दैनिकाला विनंती आहे : वादळाने किनारा ओलांडल्यावर पुढचे तीन दिवस त्याची बातमी पहिल्या पानावरून हलवू नका. केंद्र कुठे आहे, कुठल्या दिशेने सरकते आहे, जिल्हावार पावसाचा अंदाज किती मिलिमीटरचा आहे आणि कोणत्या धरणातून किती क्युसेकचा विसर्ग किती वाजता सुटणार, एवढे चौकटीत छापा. 24 तासांत पाऊस 65 मिलिमीटरच्या वर गेला की महसूल खाते अतिवृष्टी धरते, हेही त्याच चौकटीत असू द्या.

— एक वाचक, लातूर