पुतळ्याच्या आधी उभे राहिलेले चित्र

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावर आलेला लेख आवडीने वाचला. त्यात 28 ऑक्टोबर 1886 हा पुतळा अमेरिकेत आल्याचा दिवस म्हणून दिला आहे. वस्तुतः तो अनावरणाचा दिवस होय. पुतळा आला तो त्याच्या सोळा महिने आधी, 17 जून 1885 रोजी, 'इझेर' या फ्रेंच जहाजातून, 214 खोक्यांत भरलेल्या साडेतीनशे सुट्या भागांच्या रूपाने. तेव्हा चौथऱ्याचे काम अपुरे होते आणि एप्रिल 1886 मध्ये ते पुरे होईपर्यंत ही खोकी बेटावर पडून राहिली.

ही चूक किरकोळ वाटेल; परंतु त्या काळातील छापील चिठोऱ्यांचा मला थोडाफार नाद असल्यामुळे ती दाखवून द्यावीशी वाटली. कारण खोक्यांत बंद असलेली ही देवता कागदावर केव्हाच उभी राहिली होती. 'करिअर अँड आइव्हज' या न्यूयॉर्कच्या चित्रप्रकाशकांनी 1885 मध्येच तिचे रंगीत चित्र विक्रीला काढले. त्यात ती पुऱ्या चौथऱ्यावर मशाल उंचावून उभी आहे, आणि खाली बंदरात जहाजांची वर्दळ आहे. पुतळ्याच्या चित्राची एक आवृत्ती दिव्याच्या जाहिरातीसाठीही निघाली. मशालधारी देवतेला दिवे विकायला जुंपण्यासाठी अनावरणाची वाट पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही. खुद्द शिल्पकार बार्टोल्डीही व्यवहारात कच्चा नव्हता. त्याने 1879 मध्येच या आकृतीचे अमेरिकन पेटंट घेऊन ठेवले होते. चौथऱ्याच्या निधीसाठी समितीने सहा इंची प्रतिकृती एका डॉलरला आणि बारा इंची पाच डॉलरला विकली, म्हणजे पुतळ्याच्या आधी त्याची पिल्ले घरोघरी पोहोचली.

माझ्याकडे त्या काळचे तळहाताएवढे एक जाहिरातीचे कार्ड आहे. त्याच्या पाठीवर खळीचे डाग आणि काळ्या कागदाचे पापुद्रे चिकटलेले आहेत, कारण दुकानात सामानाबरोबर फुकट मिळणारी अशी कार्डे लोक हौसेने वह्यांत चिकटवून ठेवत. त्यावरची देवता हिरवी नाही. न घासलेल्या तांब्याच्या बंबासारखी ती तपकिरी आहे, आणि ती तशीच होती. आज ओळखीचा वाटणारा हिरवा थर तांब्यावर पुढच्या काही दशकांत चढला.

या साऱ्यांत मोलाचा कागद मात्र रंगीत नाही. जोसेफ पुलित्झर यांनी 'द वर्ल्ड' या आपल्या वृत्तपत्रातून 16 मार्च 1885 रोजी चौथऱ्यासाठी मदतीची हाक दिली आणि रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापण्याचे वचन दिले. 11 ऑगस्टला एक लाख डॉलर पुरे झाल्याची बातमी पहिल्या पानावर झळकली. सुमारे 1,20,000 लोकांनी पैसे दिले होते आणि त्यांतल्या बहुतेकांची वर्गणी एका डॉलरहून कमी होती. त्यानंतर दहा वर्षांनी, 1895 मध्ये, रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी 'केसरी'त प्रसिद्ध झालेल्या वर्गणीदारांच्या याद्या या संदर्भात मराठी वाचकाला आठवल्याशिवाय राहणार नाहीत. दोन्हीकडे बारीक टाइपात, एकाखाली एक, पूर्वी कधीच छापून न आलेली नावे आहेत.

आपल्या लेखात पुतळ्याची उंची आहे, वजन आहे, आयफेलने केलेला लोखंडी सांगाडाही आहे. चौथऱ्याचे पैसे देणाऱ्या या माणसांविषयी मात्र एक ओळही नाही. तारखेची दुरुस्ती छापताना त्यांचा उल्लेख करावा, आणि सोबत 1885 मधील एखादे चित्र देणार असाल तर त्यातील तपकिरी रंग 'सुधारून' हिरवा करू नये, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे