रात्रपाळीच्या सिस्टरांना अनावृत पत्र

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी निघताना मी डॉक्टरांचे आभार मानले, समुपदेशकांचे मानले, पहारेकऱ्याचेही मानले. तुमची पाळी मात्र सकाळीच संपली होती आणि मी निघालो दहा वाजता, त्यामुळे तुमचे आभार मानायचे राहून गेले. तुमचे नाव मी येथे लिहीत नाही आणि माझेही लिहिणार नाही. तरीही पत्र सर्वांसमोर लिहितो आहे, कारण दाखल होण्याच्या भीतीने घरीच थरथरत बसलेल्या एखाद्या माणसाला, आत गेल्यावर पहिल्या रात्री त्याच्याशी कोणी कसे बोलू शकते, हे कळायला हवे.

मी दाखल झालो त्या दुपारी केसपेपर भरताना 'रोज दोन-तीन पेग' असे सांगितले होते. हा आकडा मला पाठ होता. पत्नीला, कार्यालयात, पोटदुखीसाठी गेलो होतो त्या डॉक्टरांना, सगळ्यांना मी तोच सांगत आलो होतो. रात्री तुम्ही तो कागद घेऊन खाटेपाशी आलात, मला दोन्ही हात पुढे धरायला सांगितलेत, बोटांचा कंप पाहिलात आणि म्हणालात, "हा लोकांना सांगायचा आकडा झाला. औषधाची मात्रा ज्यावरून ठरते तो आकडा मला हवा आहे." ताप किती आहे हे विचारावे, तसे तुम्ही विचारलेत. रोज पाऊण बाटली, म्हणजे साधारण 550 मिली, हे शब्द त्या रात्री प्रथमच माझ्या तोंडून निघाले. तुम्ही ते लिहून घेतलेत आणि मान वर न करता पुढचा प्रश्न विचारलात, "आणि गोळ्या?"

झोपेच्या गोळ्यांविषयी घरात कोणालाही ठाऊक नव्हते. दीड वर्षे मी त्या दारूबरोबर घेत होतो आणि तुम्ही विचारले नसते तर मी त्या सांगितल्या नसत्या, हे आज कबूल करताना संकोच वाटत नाही. त्या एका प्रश्नाचे मोल मला नंतर उमगले. दारू वर्षानुवर्षे मेंदूचा वेग दाबून ठेवते आणि मेंदू त्यावर मात करण्यासाठी आपला वेग वाढवत राहतो. दारू अचानक थांबली की दाब निघून जातो, वेग मात्र तसाच उरतो. मग काही तासांत घाम आणि कंप सुरू होतात, बहुधा पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याची भीती असते, आणि काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होतो, ज्यात माणूस दगावूही शकतो. झोपेच्या काही गोळ्या शरीरातून सावकाश निघतात, म्हणून त्यांचा त्रास आठवडाभरानेही डोके वर काढतो, म्हणजे सगळ्यांना वाटत असते की धोका टळला आहे, नेमका तेव्हा. डॉक्टरांनी माझी औषधे त्यामुळेच इतरांपेक्षा अधिक दिवस चालू ठेवली आणि थोडी थोडी करून कमी केली.

याआधी मी एका वेगळ्या ठिकाणी नऊ दिवस काढले होते. तेथे रात्री डॉक्टर नसे, परिचारिकाही नसे, दाराला बाहेरून कुलूप असे, आणि अंगातली दारू उतरताना त्रास झाला तर तो भोगल्यानेच माणूस सुधारतो, अशी तेथल्या मंडळींची ठाम समजूत होती. दुसऱ्या रात्री मला फिट आली. शुद्धीवर आल्यावर मला पहिला प्रश्न विचारला गेला तो 'आता तरी अक्कल आली का?' हा. ज्याला एकदा अशी फिट आली आहे त्याला पुन्हा येण्याचा संभव अधिक असतो, ही माहिती तुम्ही पहिल्याच रात्री माझ्याकडून काढून घेतलीत आणि तेथल्या तेथे फोनवर डॉक्टरांना कळवलीत.

तुमच्याजवळ दहा लक्षणांचा एक तक्ता असे. मळमळ, कंप, घाम, चिंता, बेचैनी, डोकेदुखी, अंगावर काही सरपटल्याचा भास, नसलेले आवाज, नसलेली दृश्ये, आणि आज कोणता वार आहे हे सांगता येते की नाही. प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज जास्तीत जास्त 67 होऊ शकते, असे तुम्ही मला सांगितलेत, तेव्हा आयुष्यात प्रथमच कमी गुण मिळवण्याची ईर्ष्या माझ्यात जागी झाली. माझे पहिल्या रात्रीचे गुण 21 होते. ज्याला घरात सगळे 'नाटक' म्हणत आले आणि मी स्वतः ज्याला 'कमकुवतपणा' म्हणत आलो, त्याला तुमच्या कागदावर नुसता एक आकडा होता, आणि तो दर काही तासांनी बदलत होता, ही गोष्ट मला औषधाइतकीच उपयोगी पडली.

तिसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसू लागली. भिंतीवर काही नाही, असे तुम्ही आधी शांतपणे सांगितलेत, दिवा थोडा मोठा केलात आणि मग विचारलेत, "किती दिसताहेत?" हा प्रश्न त्या तक्त्यात नसावा. मी मोजू लागलो, चाळीसच्या आसपास चुकलो, पुन्हा सुरुवात केली, आणि तेवढ्यात तुम्ही इंजेक्शन देऊन मोकळ्या झालात. सलाईन लावण्याआधी ब-1 जीवनसत्त्वाचे इंजेक्शन का द्यायचे, हेही तुम्ही माझ्या पत्नीला समजावून सांगितलेत: दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात ते अत्यल्प उरलेले असते, आणि ते भरून न काढता साखरेचे सलाईन दिले तर स्मृती आणि चालण्याचा तोल कायमचा जाण्याचा धोका असतो. त्या बोलण्यातूनच तिला धीर आला आणि तिने तिच्याकडची लपवलेली गोष्ट सांगितली. कोणाच्या तरी सल्ल्याने ती मला नकळत जेवणातून दारू सोडवण्याची गोळी देत होती. त्या गोळीवर दारू पोटात गेली की चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि कधी जिवावर बेतते. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. तुम्ही तिला एका शब्दानेही दोष दिला नाहीत. शेवटची गोळी कधी दिली, एवढेच विचारलेत आणि तेही लिहून घेतलेत.

पुढचे आठवडे समुपदेशन, गटसभा आणि सकाळच्या व्यायामात गेले. त्यांच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला आठवतो तो शेजारच्या खाटेवरचा मुलगा, जो हेरॉइनसाठी दाखल झाला होता. त्याच्या जाण्याच्या आदल्या रात्री तुम्ही त्याच्यापाशी तासभर बसलात. त्याच्याकडून तुम्ही शपथ घेतली नाहीत. महिनाभर न घेतल्याने शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वी सहज पचणारी मात्रा आता श्वास बंद पाडू शकते, हे तुम्ही त्याला तीनदा सांगितलेत आणि तिसऱ्यांदा त्याच्याकडून म्हणून घेतलेत. मी तेव्हा झोपेचे सोंग घेतले होते.

दहाव्या महिन्यात मी प्यायलो. दुसऱ्या दिवशीही प्यायलो. तिसऱ्या रात्री केंद्राच्या क्रमांकावर फोन लावला तेव्हा तुम्हीच उचललात. मी नाव सांगितले आणि क्षमा मागायला सुरुवात केली, तर तुम्ही मला थांबवून विचारलेत, "किती?"

"परवा चार पेग, काल अर्धी बाटली, आज काही नाही. गोळी एकही नाही."

हात थरथरतात का, घाम येतो का, उलटी झाली का, हे तुम्ही क्रमाने विचारलेत, आणि सकाळी आठ वाजता डॉक्टरांकडे यायला सांगितलेत. रात्री एकटे राहू नका, घरात कोणाला तरी उठवा, आणि फिट आली किंवा असंबद्ध बोलू लागलात तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात नेण्यास त्यांना सांगून ठेवा, असेही बजावलेत. मी पत्नीला उठवले आणि तुम्हाला सांगितलेला आकडाच तिलाही सांगितला.

त्यानंतर तुम्हाला रात्री फोन करण्याची वेळ आलेली नाही, म्हणून हे आभार आणखी लांबले. ते आता स्वीकारावेत, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
खिडकीजवळच्या खाटेवरचा रुग्ण