दोन खांब पळायचं, दोन खांब चालायचं

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर "बघू गं" म्हणून तू विषय मिटवतोस, म्हणून हे कागदावर. बेचाळीस किलोमीटरची मुंबई मॅरेथॉन अर्ध्यात सोडून त्या रविवारी रात्री साताऱ्याला घरी आलास, दोन घास खाल्लेस न खाल्लेस आणि सोमवारी पहिल्या गाडीने पुण्याला निघून गेलास. दारात चपला घालताना म्हणालास, "आई, हे माझं काम नाही." पेडर रोडच्या चढावर फुटपाथवर बसलास आणि उठलास तो थेट गाडीत बसायलाच, एवढं बाबांना सांगितलंस. बाकीचं मी तुझ्या स्ट्राव्हावर, त्या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर वाचलं. पतसंस्थेत तीस वर्षं आकडे ताडून पाहिलेली बाई मी, मला राहवत नाही.

पहिले १० किलोमीटर ५५ मिनिटांत. अर्धं अंतर १ तास ५८ मिनिटांत. तिसाच्या पुढचा एकेक किलोमीटर नऊ-नऊ मिनिटांचा. मग डिसेंबरातले तुझे रविवारचे सराव उघडून पाहिले. २४, २६ आणि एकदाच २८ किलोमीटर, तेही सगळे किलोमीटरला पावणेसात मिनिटांच्या चालीने. मग साडेपाच मिनिटांची चाल आणलीस कुठून? सी-लिंकवरचा पहाटेचा वारा, शेजारून झपझप जाणारी पोरं, कडेला टाळ्या वाजवणारे लोक. त्यांची चाल उसनी घेतलीस आणि पेडर रोडवर व्याजासकट फेडलीस. अंगात साठवलेली साखर, तुमच्या ग्रुपमध्ये ग्लायकोजेन म्हणतात ती, बहुतेकांची तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. वेग जास्त ठेवला की त्याच्याही आधी. वर मुंबईचा दमटपणा, जानेवारी असला म्हणून काय झालं. पाय संपले आणि तू म्हणतोस मी संपलो. एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात कशाला टाकतोस?

२०१६ साली डॉक्टरांनी मला शुगर सांगितली तेव्हा मी ४७ वर्षांची होते. चालायला सांगितलं होतं, पळायला नव्हे. पण समर्थ मंदिराकडे चालत जाताना एकदा मागे कुत्रं लागलं आणि लक्षात आलं की आपल्याला पळता येतं! त्यानंतर विजेचे दोन खांब पळायचं, दोन खांब चालायचं. पंजाबी ड्रेस, वर स्वेटर, पायात तुझे शाळेतले जुने बूट. कोपऱ्यावरच्या काकूंनी विचारलंच, "कुणी आजारी आहे का घरी?" दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास आधी, अंधारातच निघायला लागले. लाज वाटायची रे. विश्वास-बिश्वास काही नव्हता.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपण टीव्हीला चिकटून बसलो होतो, आठवतं? ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत आपली माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. दहावी आली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता, अंतिम फेरीत ९:२२.७४ लागले. म्हणजे तीन सेकंद हळू. तू तेव्हा उड्या मारत होतास, "आई, अख्ख्या जगात दहावी!" ते तीन सेकंद तिला कुणी विचारले नाहीत, तूही नाहीस. स्वतःला मात्र एका सकाळीवरून निकाल देऊन मोकळा झालास.

पुढच्या वर्षी मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला उतरले आणि तुझीच चूक केली. पोरांच्या घोळक्यामागे बोगद्यापर्यंत धावत सुटले. यवतेश्वरचा घाट सुरू होताच छातीचा भाता झाला. धुकं इतकं की पुढचं वळण दिसेना. अर्धा घाट रडत चालले. पावसात कुणाला कळलं नाही ते बरं. उतारावर गुडघे बोलायला लागले ते वेगळंच. तू शेवटच्या रेषेवर उभा होतास आणि माझं तोंड बघून काही बोलला नाहीस, नुसता कंदी पेढा पुढे केलास. तो पेढा मी विसरलेले नाही. मी मात्र तुला गेल्या रविवारी पोळी वाढता वाढता "असं कसं झालं?" विचारत बसले. चुकलंच माझं.

दुसऱ्या वर्षी त्याच वळणावर मनातून आवाज आला, "बाई, वळ मागे." तेव्हा मला कुणाचं भाषण आठवलं नाही, कॅलेंडर आठवलं. स्वयंपाकघरातलं, दुधाच्या खुणांचं. "आज दूध नाही" लिहिते त्याच चौकोनात मी पेन्सिलीने किलोमीटर लिहायचे. जूनमधला एक बुधवार डोळ्यांपुढे आला. धो धो पाऊस, दूधवालासुद्धा आला नव्हता आणि त्या चौकोनात लिहिलं होतं ७. त्या दिवशी मी गेले होते ना, मग आज पुढच्या खांबापर्यंत जाईन, एवढंच मनाशी म्हटलं. शर्यत पुरी करायला ३ तास १२ मिनिटं लागली. बाबा अजून चिडवतात की एवढ्या वेळात एसटीने पुण्याला जाऊन चहा होतो.

तुझ्याकडे ऑगस्टपासूनचे असे पाच महिने लिहिलेले आहेत. ऑफिसची रात्रपाळी करून पळालेले आहेत. ते पुसू नकोस. त्यात ३० आणि ३२ चे दोन रविवार कमी पडलेत आणि पहिले पाच किलोमीटर म्हाताऱ्या माणसासारखं पळण्याची सवय कमी पडलीय. ती मी शिकवते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

येत्या शनिवारी ये. रविवारी पहाटे पाचला बोगद्यापाशी निघू, यवतेश्वरापर्यंत जाऊन परत. घड्याळ घरी ठेवायचं. बॅटरी आण, वरच्या वळणावरचा दिवा गेलाय. आणि माझ्या पुढे गेलास तर नाश्ता मिळणार नाही.

तुझा बिब, तो छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, सोमवारी केराच्या डब्यात सापडला. चारही पिना अजून त्यालाच होत्या. बिब पुसून कॅलेंडरच्या मागे लावलाय, पिना माझ्या डबीत ठेवल्यात.

तुझी,
आई